प्रतिपिंडांचे मानवीकरण : औषधनामांतील एक इतिहास

औषधांची नावे बहुधा अर्थशून्य ध्वनिसमूह मानली जातात. प्रतिपिंडांपासून सिद्ध केलेली औषधे यास अपवाद होत. रिटुक्सिमॅब, ट्रास्टुझुमॅब, पॅनिटुमुमॅब या नामांच्या अंती येणारा ‘मॅब’ हा एकजातीय प्रतिपिंडाच्या इंग्रजी संज्ञेचा संक्षेप असून त्यापूर्वीचे ‘क्सि’, ‘झु’ व ‘उ’ हे ध्वनी त्या प्रतिपिंडाचे कूळ सांगतात.

प्रतिपिंड म्हणजे शरीरात शिरलेले परके द्रव्य ओळखून त्यास चिकटणारे प्रथिन. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर व मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्रतिपिंडजनक पेशीचा अर्बुदपेशीशी संकर घडवून एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे मिळविण्याची रीत शोधली. तथापि ते रुग्णास टोचले असता त्याचे शरीर त्यांनाच परके मानी व त्यांविरुद्ध स्वतःचे प्रतिपिंड निर्माण करी. परिणामी पुढील मात्रा निष्फळ ठरे.

हा परकेपणा टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला. प्रथम उंदराचा केवळ ग्राहक भाग ठेवून उर्वरित रेणू मानवी केला गेला. या संमिश्र रूपाचे चिन्ह ‘क्सि’. लसीकापेशींच्या कर्करोगावरील रिटुक्सिमॅब (१९९७) या वर्गातील. ग्रेगरी विंटर व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये याहून सूक्ष्म मार्ग दाखविला. प्रतिपिंडाच्या बाहूच्या टोकाशी असलेली सहा वलये लक्ष्यास प्रत्यक्ष भिडतात. तेवढीच उंदराकडून घेऊन मानवी रेणूवर त्यांचे कलम करता येते. हे ‘झु’. स्तनकर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब आणि अर्भकांच्या श्वसनमार्गास ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूस रोखणारे पॅलिव्हिझुमॅब ही दोन्ही १९९८ मध्ये मान्य झाली. पुढे मानवी जनुके धारण करणाऱ्या उंदरांपासून पूर्णतः मानवी प्रतिपिंड मिळू लागले. आतड्याच्या कर्करोगावरील पॅनिटुमुमॅब (२००६) हे त्यांपैकी, म्हणून त्यात ‘उ’. अशाच उंदरांपासून लाभलेला अलर्करोगावरील मानवी प्रतिपिंड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये उपलब्ध केला. श्वानदंशानंतर घोड्याचा रक्तरस टोचण्यास त्यामुळे पर्याय लाभला.

तथापि नाम व वस्तू यांचा मेळ येथेही पूर्ण नाही. संधिवातावरील अडालिमुमॅब हे नामाने पूर्णतः मानवी. तरीही काही रुग्णांच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंड उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून नव्या नामांतून हे कुलदर्शक ध्वनी वगळले. जुनी नामे तशीच राहिली. आपले कोण व परके कोण, याचा निवाडा शरीर केवळ कुळावरून करीत नाही, हे त्या नामांच्या इतिहासातून ध्यानी येते.