आधी कान, मग दुर्बीण

‘डॉक्टर, बागेत हमिंगबर्ड आला होता!’ असे व्हिडिओ मला वर्षातून चार-पाचदा येतात. त्यातला पक्षी बहुतेक वेळा शिंजीर असतो. कधीकधी तो पक्षीही नसतो, संध्याकाळी फुलांवर भिरभिरणारा पतंग असतो. हमिंगबर्ड फक्त दोन्ही अमेरिका खंडांत आणि भोवतालच्या बेटांवर आढळतो.

कोस्टारिकाच्या सखल भागात ‘ला सेल्वा’ हे संशोधकांचं प्रसिद्ध जंगल आहे. तिथला लांब चोचीचा हर्मिट शोधायचा असेल, तर इंद्रधनुषी चमक आधी डोक्यातून काढून टाकावी. या हमिंगबर्डला ती नाहीच. पाठ हिरवट तपकिरी, पोट मळकट, डोळ्यावरून गडद पट्टा. वजन सुमारे सहा ग्रॅम, पाच रुपयांच्या नाण्याइतकं. खूण पटते ती दोन टोकांना: पुढे खाली वाकलेली लांब चोच, मागे शेपटीतून बाहेर आलेली पांढऱ्या टोकांची दोन पिसं. त्याच जंगलातला दुसरा हर्मिट बराच लहान आणि तांबूस असतो.

झाडोऱ्याच्या अंधारात दुर्बीण फारशी कामाची नाही. रोगी तपासताना आम्ही छातीला स्टेथोस्कोप लावतो, तसं इथे आधी ऐकावं. विणीच्या हंगामात नर दाट झुडपांत ठरावीक जागी जमतात आणि पहाटेपासून एकच सूर साधारण सेकंदाला एकदा, न थकता काढत राहतात. फांदीवर बसून शेपटी हलवत गाणारा नर मग सापडतो. हे अड्डे वर्षानुवर्षे तिथेच भरतात. जागेसाठी मारामाऱ्याही होतात. प्रौढ नरांच्या चोचीचं टोक मादीपेक्षा अणकुचीदार असतं, ते खंजिरासारखं वापरलं जातं, असं अराया-सालास आणि रिको-गेवारा या संशोधकांनी ला सेल्वातच दाखवलं.

दुसरी जागा हेलिकोनियाच्या फुलांजवळची. आपल्याकडे हे झाड शोभेसाठी लावतात. हर्मिट एका फुलावर पहारा देत नाही. टपालवाल्यासारखा ठरलेल्या वाटेने फुलं घेत जातो. तेव्हा मागे धावू नये, फुलापाशी थांबावं.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं मात्र मला पटत नाही. हमिंगबर्डच्या काही जातींत उपाशीपोटी रक्तातली साखर ३००च्या आसपास आणि मकरंद प्यायल्यावर ७००च्या वर मोजली गेली आहे. असा रिपोर्ट माणसाचा आला तर आम्ही त्याला घरी सोडणार नाही! पण या पक्ष्यासाठी ते चालू इंधन आहे, पंखांचे स्नायू ते लगेच जाळून टाकतात. साठा फार नसतो. खोट्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात गेलेली मिनिटं त्याच्या खाण्यातून वजा होतात.

मुकाट्याने उभं राहिलं तर कधी कानाशी भर्रकन आवाज होतो. हर्मिट तोंडासमोर हवेत थांबून माणसाला न्याहाळतो आणि फोन खिशातून निघेपर्यंत गेलेला असतो.