चौकट : घोड्याच्या रक्तातलं औषध

सोलापुरात सात रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात आज प्रतिजैविकाची कुपी मिळते. शंभर वर्षांपूर्वी मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणांच्या दाहाच्या साथीत भरवसा होता तो घोड्यावर! घोड्याला जंतू थोडे थोडे टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार झाली की रक्त काढून रक्तरस, म्हणजे सीरम, वेगळं करायचं आणि ते रोग्याला टोचायचं.

ही रीत मुंबईने आधीच पाहिली होती. १८९७ च्या प्लेगात जंतुशास्त्रज्ञ यर्सँ प्लेगवरचं आपलं सीरम घेऊन तिथे आला. गुण मात्र बेताचाच आला.

मेनिंजायटिसवर जर्मनीत योखमान आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर यांनी १९०६ च्या सुमारास असंच सीरम केलं. खरी मेख टोचण्याच्या जागेत होती. शिरेतून दिलेली प्रतिद्रव्यं मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेशी उतरत नाहीत. म्हणून पाठीच्या कण्यात सुई घालून आधी गढूळ पाणी काढायचं, मग त्याच वाटेने सीरम सोडायचं. रोग्याला धरून ठेवणाऱ्यांचे हाल वेगळेच!

एरवी शंभरातले सत्तरेक दगावत. फ्लेक्सनरने १९१३ मध्ये मांडलेल्या सुमारे १,३०० रोग्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. पहिल्या तीन दिवसांत सीरम मिळालेल्यांत १८ टक्के.

पहिल्या महायुद्धात मात्र ब्रिटिश छावण्यांत ते फसलं. जंतूंचे प्रकार अनेक, सीरम भलत्याच प्रकाराचं. शिवाय परक्या प्रथिनामुळे अंगावर गांधी उठत, सांधे धरत. १९३७ नंतर सल्फाची औषधं आली आणि या आजारापुरती घोड्यांची सुटका झाली. सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी ते अजून राबतात.