दिल्ली ते टोकियो : जाताना आठ तास, येताना साडेनऊ

आजचा विषय साधा वाटेल, पण यातच माझी मोठी चूक झाली होती.

बहीण टोकियोत असते. तिच्याकडून बाबांना घेऊन मी दिल्लीला परत येत होतो. तिकिटावर होतं, सकाळी साडेअकराला उड्डाण, संध्याकाळी साडेपाचला दिल्ली. मी बोटांवर मोजलं, सहा तास! बाबांना मधुमेह. त्यांची संध्याकाळची गोळी मी बिनधास्त मोठ्या बॅगेत टाकली. घरी जेवताना घेतील म्हटलं. टोकियोच्या घड्याळात सात वाजले, गोळीची वेळ झाली, तेव्हा आम्ही आकाशात आणि गोळी विमानाच्या पोटात. उतरायला अजून दोन तास. बाबा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तर, तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या शहराची असते. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. म्हणून येताना साडेतीन मिळवायचे, जाताना तेवढेच वजा करायचे. सहा अधिक साडेतीन, झाले साडेनऊ.

पण जाताना तर साडेसात-आठ तासच लागतात. अंतर तेच ना? पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर सुमारे ५,९०० किलोमीटर. फरक करतो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जपानवर त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. आपण वाटेतली सरासरी फक्त १०० धरू. विमानाचा वेग ९००. जाताना होतात १,०००, येताना उरतात ८००. सहा हजार किलोमीटरला दीड तासाचा फरक इथेच पडला.

गंमत म्हणजे हे वारे आधी जपानमध्येच मोजले गेले. वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून ते टिपले आणि १९२६ मध्ये अहवाल छापला, तोही एस्पेरांतो भाषेत! बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जपानवर याच वाऱ्यात सापडली.

आणखी एक. तो ताणलेला दोरा तिबेटवरून जातो, विमान सहसा जात नाही. आतला हवेचा दाब गेला तर विमानाला चटकन १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांचा ऑक्सिजन काही मिनिटांचाच असतो. तिबेटची जमीनच सरासरी १५,००० फुटांच्या आसपास. उतरणार कुठे? म्हणून म्यानमार, दक्षिण चीन असा वळसा. नकाशावरचं अंतर आणि उडालेलं अंतर वेगळं पडतं ते असं.

या डिसेंबरात बाबा पुन्हा निघालेत. गोळ्यांची डबी शर्टाच्या खिशात. परतीचे तास त्यांनी स्वतः कागदावर मांडून मला दाखवले. दहा धरलेत. हिवाळा आहे, म्हणाले.