शिरगणती आणि वस्तीचा रस्ता

खेड्यास रस्ता केव्हां मिळतो, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ खडी-डांबराचा वाटतो. वस्तुतः तो शिरगणतीचाही आहे. १९४३ सालीं नागपूर येथें भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेनें रस्त्यांची जी प्रतवारी ठरविली, तींत ग्रामरस्ते शेवटच्या पायरीवर होते. पुढें २५ डिसेंबर २००० रोजीं प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली आणि तिनें बारमाही रस्त्याचा हक्क लोकसंख्येशीं जोडला. सपाट प्रदेशांत ५०० व डोंगरी, वाळवंटी आणि आदिवासी प्रदेशांत २५० माणसें असलेली वस्ती पात्र ठरली. आधार धरला तो २००१ च्या जनगणनेचा.

या नियमांत एक शहाणपण होतें. त्यांत मोजमापाचें एकक महसुली गांव नसून वस्ती होतें. कागदोपत्रीं गांव एकच असतें. पण त्याच्या शिवारांत वाड्या, पाडे आणि तांडे विखुरलेले असतात. सडक गांवठाणास लागली म्हणजे ती तांड्यासही लागली, असें होत नाहीं. मध्यें एखादा ओढा असला, कीं पावसाळ्यांत तांडा बेटासारखा तुटून पडतो. यास्तव सपाटीवर ५०० मीटरांच्या परिघांतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभाही ठेवण्यांत आली.

परंतु माप कितीही नेटकें असलें, तरी मोजणीच्या वेळीं माणूस घरीं असावा लागतो. बीड जिल्ह्यांतील पाटोदा, शिरूर-कासार, धारूर या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रांतील वा कर्नाटकांतील कारखान्यांच्या परिसरांत कोप्या उभारून हीं कुटुंबें राहतात. उन्हाळ्याच्या तोंडाशीं तीं परततात. तोंवर घरीं उरतात तीं म्हातारीं माणसें आणि कांहीं मुलें.

जनगणना मात्र नेमकी याच हंगामांत होते. २००१ आणि २०११ या दोन्ही खेपांस ती ९ ते २८ फेब्रुवारी या अवधींत झाली. नियम असा, कीं त्या सबंध अवधींत जो घरीं नव्हता, त्याची नोंद घरीं होत नाहीं. तो जेथें आढळेल तेथें होते. समजा, एका तांड्यांत ६०० माणसें आहेत व त्यांतील १५० ऊसतोडीवर गेलीं. नोंद ४५० ची होते आणि ५० माणसांच्या उणिवेनें तांडा अपात्र ठरतो. तींच १५० माणसें जमा होतात ती बहुधा अशा गांवाच्या खातीं, जेथें उसाच्या गाड्यांसाठीं रस्ता आधींच झालेला असतो.

कोरडवाहू जमीन हें या स्थलांतराचें मूळ कारण खरें. पण रस्त्याचा अभाव तें अधिक घट्ट करतो. दूध-भाजी वेळेवर बाजारांत जात नाहीं, म्हणून गांवांत रोजगार नाहीं. रोजगार नाहीं, म्हणून माणसें जातात. माणसें जातात, म्हणून आकडा घटतो. आणि आकडा घटला, म्हणून रस्ता लांबतो. एस. टी. फाट्यावर थांबते, अडलेल्या बाईस फाट्यापर्यंत बाजेवरून न्यावें लागतें.

सप्टेंबर २०२४ मध्यें या योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला. त्यास आधार २०११ च्या आकड्यांचा. कारण २०२१ ची जनगणना झालीच नाहीं. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरविलेला असून मोजणीचा महिना पुन्हां फेब्रुवारीच आहे. तेव्हां प्रत्येक ग्रामपंचायतीनें दसऱ्यापूर्वीं वस्तीवार घरांची यादी करून ती ग्रामसभेंत वाचावी व दप्तरीं ठेवावी, हें श्रेयस्कर होय. जनगणनेचा आकडा तिनें बदलणार नाहीं. परंतु त्या आकड्यांत कोण सुटलें, हें सांगणारा लेखी पुरावा गांवाच्या हातीं राहील. रस्ता मागणाऱ्यानें आधीं आपलीं माणसें मोजून ठेवावीं, हेंच खरें.