दहा खटक्यांचं मैदान

गौतमपुरा म्हटलं की माळव्यात आधी हिंगोट आठवतं. इंदूरच्या वायव्येला, देपालपूर तालुक्यातलं हे गाव. दिवाळी पाडव्याच्या संध्याकाळी इथल्या मैदानात गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि शेजारच्या रुणजीचा कलगी असे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. शाहिरी फडातली ती जोडी इथे चक्क दारूगोळ्यानिशी उतरते. हिंगणबेटाचं फळ पोखरून वाळवायचं, त्यात दारू ठासायची, मागे बांबूची कामटी लावायची, की झाला हिंगोट, पेटवून समोरच्या संघावर सोडायला.

फोटोवाल्यांची झुंबड या आगीसाठी असते. रोलायफ्लेक्ससारखा जुना फिल्म कॅमेरा आणि त्याच्या बुडाशी पॅनोरमा हेड लावणाऱ्याला मात्र त्या धुमश्चक्रीत काही काम नाही. त्याला हवं असतं आदल्या सकाळचं रिकामं मैदान, तेही सगळ्या बाजूंनी, एका अखंड वर्तुळात.

हे हेड म्हणजे धातूची जाडसर चकती. खाली ट्रायपॉड, वर कॅमेरा. आतल्या कड्याला दहा खाचा असतात. कॅमेरा फिरवला की दर ३६ अंशांवर खट्‌ आवाज होतो आणि तो जागच्या जागी बसतो. ३६च का? रोलायफ्लेक्सची ७५ मिलिमीटरची लेन्स चौरस चौकटीत आडवे साधारण ४१ अंश पाहते. म्हणजे प्रत्येक चित्र पुढच्यावर पाचेक अंश चढतं, आणि तेवढी पट्टी जोडकामाला पुरते. १२० च्या रोलवर बारा चित्रं निघतात. दहांत वर्तुळ पुरं, वर दोन शिल्लक. फ्रांके आणि हाइडेके यांच्या ब्राउनश्वाइगच्या कारखान्याने १९२९ मध्ये पहिला रोलायफ्लेक्स बाजारात आणला. त्यांचा हा हिशेब पाहिला की फार बटणांच्या कॅमेऱ्यांची थोडी कीवच येते.

खरा वेळ खाते ती पाणसळ. गवंड्याकडे असते तसलाच बुडबुडा, फक्त गोल डबीत. तो मधोमध येईपर्यंत ट्रायपॉडचे पाय खालीवर करायचे, मग हेड फिरवून दुसऱ्या दिशेलाही तपासायचं. मैदानाची माती भुसभुशीत असली तर एक पाय हळूच रुततो आणि सगळं मुळापासून. फिरण्याचा आस जरा जरी कलला, तर जोडलेल्या चित्रात क्षितिज लाटेसारखं वरखाली होतं.

दुसरी अडचण डोळ्यांना चटकन दिसत नाही. जवळचा बांबू आणि लांबचा कळस एका रेषेत धरून कॅमेरा फिरवला, तर बांबू कळसाच्या बाजूला सरकतो. कॅमेरा फिरतो तो बुडाच्या स्क्रूभोवती. फिरायला हवा लेन्सच्या पोटातल्या एका बिंदूभोवती, आणि रोलायफ्लेक्सचा स्क्रू त्या बिंदूच्या काही सेंटिमीटर मागे असतो. पन्नास मीटरवरच्या झाडाला हा फरक जाणवत नाही. दोन मीटरवरच्या कुंपणाला तो लगेच जाणवतो, जोडावर तारा दुहेरी होतात. म्हणून मैदानाच्या मध्यभागी, सगळ्यापासून लांब उभं राहायचं. इथे मोकळी जागा हवी तेवढी आहे.

पूर्ण फेरीत कुठल्यातरी एका चित्रात सूर्य समोर येणारच. तेव्हा तो झाडाआड असेल अशी जागा आणि वेळ निवडावी लागते. प्रकाश मोजायचा तो उन्हाला काटकोनात उभं राहून, आणि मग दहाही चित्रांना तेच माप. मध्येच कुणी ‘दुरुस्ती’ केली की आकाशाला ठिगळ लागलंच. फोकसही एकदाच. १६ चं अ‍ॅपर्चर आणि सात मीटरवर फोकस ठेवला की साडेतीन मीटरपासून क्षितिजापर्यंत सारं स्पष्ट येतं.

मग खट्‌, शटर, हँडलचा एक फेरा पुढे, एक उलटा, पुन्हा खट्‌. वरच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे कॅमेरा उजवीकडे वळला तरी मंदिर भलत्याच बाजूला पळाल्याचा भास होतो. खाचा असल्या की त्याकडे बघावंही लागत नाही. पण एखादा बघ्या कॅमेरा वळतो त्याच दिशेने चालत राहिला, तर तो दोन-तीन चित्रांत हजर. स्वतःच फिरत लांबलचक फोटो घेणाऱ्या सर्कट कॅमेऱ्याच्या जमान्यात शाळेची वात्रट पोरं याच युक्तीने फोटोच्या दोन्ही टोकांना झळकत.

छायाचित्रकार फेलिचे बेआतोने १८५८ मध्ये लखनौची दृश्यं अशीच तुकड्या-तुकड्यांनी जोडली, तीही काचांवर. एक काच काढून दुसरी लावेपर्यंत सावल्या पुढे सरकलेल्या. पुढे छायाचित्रकार म्हणून गाजलेले लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ मध्ये तिथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. नकाशे काढणाऱ्या माणसाला कोन आणि पातळी वेगळी शिकवावी लागली नसणार.

फिल्म धुतल्यावर आणखी एक गंमत. रोलायफ्लेक्समध्ये फिल्म खालून वर सरकते. त्यामुळे पट्टीवर चित्रं शेजारी-शेजारी न येता एकावर एक चढतात, आणि कापल्याशिवाय मैदान दिसतच नाही. दहाही प्रिंटांना डार्करूममध्ये सेकंदांचं एकच माप. मूळ आकारातले प्रिंट जोडले तर पट्टी जेमतेम अर्धा मीटर भरते. जोड मोकळ्या आकाशात न करता झाडाच्या खोडावर नाहीतर खांबाच्या कडेवर करायचा. सरळ भिंतीचं मात्र काही चालत नाही, ती प्रत्येक जोडावर कोन करून वळतेच. स्कॅन करून संगणकावर जोडलं तर तो कोन जातो, पण भिंत सरळ होत नाही. तिची कमान होते.