बौद्धिक क्षमता चाचणी : पाठांतरापलीकडची तयारी

इयत्ता आठवीतील मुलामुलींसमोर 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती' परीक्षेचा अर्ज येतो, तेव्हा देवणीसारख्या ग्रामीण तालुक्यातील पालक प्रथम विचारतात, "या परीक्षेचे पुस्तक कोणते?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु या परीक्षेचा अर्धा भाग कोणत्याही एका पुस्तकात सामावत नाही. म्हणूनच तिचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

आठवीनंतर पैशांअभावी कोणाची शाळा सुटू नये, या हेतूने केंद्र शासनाने २००८ साली ही योजना सुरू केली. निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुले परीक्षेस बसू शकतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नसावे. आपल्या राज्यात महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते आणि अर्ज शाळेमार्फतच भरला जातो.

परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका असतात. शालेय क्षमता चाचणीत विज्ञान, समाजशास्त्र व गणित यांवर ९० प्रश्न असतात. हा भाग सातवी-आठवीच्या पाठ्यपुस्तकांतून तयार होतो. दुसरी बौद्धिक क्षमता चाचणी. तीतही ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. म्हणजे प्रत्येक प्रश्नास सरासरी एक मिनिट.

बौद्धिक क्षमता म्हणजे काय? जाणता शेतकरी देवणी जातीचा गोऱ्हा पारखताना त्याची चाल, खूर व छाती पाहतो. अजून जू मानेवर आलेले नसते, तरी पुढे तो कसा चालेल याचा अंदाज तो बांधतो. ही चाचणीही मुलाने काय पाठ केले हे विचारत नाही. नवे कोडे समोर आल्यास तो विचार कसा करतो, हे पाहते.

उदाहरणार्थ, ३, ६, ११, १८, २७ यांपुढील संख्या कोणती? दोन संख्यांतील फरक अनुक्रमे ३, ५, ७, ९ आहेत. म्हणून पुढील फरक ११ आणि उत्तर ३८. गाईचे वासरू, तर शेळीचे काय? करडू. घड्याळात ४ वाजून २० मिनिटे झाली असतील, तर आरशात ७ वाजून ४० मिनिटे दिसतील. ११ वाजून ६० मिनिटे यांतून घड्याळातील वेळ वजा केली की आरशातील वेळ मिळते.

अशा प्रश्नांची उत्तरे घोकून उपयोग नाही. रीत ओळखीची व्हावी लागते. त्यासाठी रोज अर्धा तास पुरे. प्रथम वेळेचे बंधन न ठेवता एकेका प्रकारचे प्रश्न सोडवावेत. उत्तर चुकल्यास मुलास रागावू नये, "तू हे कसे शोधलेस?" असे विचारावे. आपली विचारपद्धती शब्दांत मांडताना चूक त्याची त्यालाच दिसते. शेवटच्या महिन्यात मात्र घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात. अडलेल्या प्रश्नापाशी थांबून न राहता पुढे जाण्याची सवय तेव्हाच लागते. धर्मग्रामातील महाविद्यालयीन तरुणांनी आठवड्यातून एक तास दिला, तर शिकवणीचे शुल्क न परवडणाऱ्या घरांना मोठा आधार होईल.

दोन्ही चाचण्यांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी किमान ४० टक्के गुण आवश्यक असतात. त्यानंतर निवड गुणवत्तेनुसार होते. साहजिकच उत्तीर्ण झालेल्या सर्वांनाच शिष्यवृत्ती मिळत नाही. ज्यांची निवड होणार नाही, त्यांच्या बुद्धीवर हा शिक्का नव्हे. दीड तासाची चाचणी मुलाची चिकाटी मोजत नाही, प्रामाणिकपणा मोजत नाही, हातातील कसबही मोजत नाही. निकाल कोणताही लागो, नववीच्या वर्गात त्याची जागा रिकामी राहू नये, याची जबाबदारी आपणा वडीलधाऱ्यांची आहे.