हुसेनसागरचे हिरवे पाणी

हुसेनसागरचे पाणी एकेकाळी हैदराबादकर पीत असत, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगूनही खरे वाटणार नाही. इब्राहीम कुतुबशहाच्या कारकिर्दीत, १५६२ च्या सुमारास बांधलेल्या या तलावाने १९३० च्या आसपासपर्यंत शहराची तहान भागविली. पुढे कुकटपल्लीसारख्या नाल्यांतून घरांचे व कारखान्यांचे सांडपाणी त्यात उतरू लागले आणि पाण्यावर हिरवा थर साचू लागला. लोक त्याला शेवाळ म्हणतात. शास्त्रज्ञ त्यातील मायक्रोसिस्टिसची गणना नील-हरित जीवाणूंत करतात.

गोड्या पाण्यात बहुधा स्फुरदाची वाण असते आणि तीच या जीवांच्या वाढीला लगाम घालते. मैला व कपडे धुण्याची पावडर हा लगाम काढून टाकतात. कॅनडात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक तळे पडदा लावून दुभागले. कर्ब व नत्र दोन्ही भागांत घातले, स्फुरद मात्र एकाच. तेवढाच भाग हिरवागार झाला.

तरीही केवळ स्फुरदाकडे बोट दाखविणे मला अपुरे वाटते. नत्र कमी पडले तर ॲनाबीनासारखे जीव ते हवेतून मिळवितात. मायक्रोसिस्टिसला ती विद्या नाही. त्याला पाण्यातलेच नत्र हवे, आणि सांडपाण्यातील अमोनिया त्याला चांगला मानवतो. त्याचे यकृतघातक विष, मायक्रोसिस्टिन, हेही नत्रयुक्तच असते. उन्हाळ्यात वारा पडला, की पेशींतील वायूच्या पोकळ्यांमुळे तो वर तरंगतो आणि खालच्यांचे ऊन अडवितो.

पाणी उकळून हे विष जात नाही. मोरचूद टाकून जीव मारावेत, तर पेशी फुटून विष पाण्यात मिसळते. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये नील-हरित जीवाणू माजलेल्या जलाशयात मोरचूद टाकल्यानंतर १४८ माणसे आजारी पडली. त्यांत बहुतेक मुलेच होती.

हुसेनसागरच्या काठी १९९८ मध्ये रोज दोन कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले, २००६ मध्ये जपानच्या कर्जातून सुधारणेची मोठी योजनाही आली. परंतु नाले अडविले तरी तळाचा गाळ उरतोच. तळाशी प्राणवायू संपला, की गाळातील लोहाला चिकटलेले स्फुरद सुटते आणि अनेक वर्षांपूर्वीचा मैला पुन्हा वरच्या पाण्याला खतपाणी घालू लागतो.